विषाणू परदेशातला, रांजण आपल्या घरातला

२०२५ च्या जुलै महिन्यात चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील फोशान शहरात चिकुनगुनियाची साथ सुरू झाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत रुग्णांची संख्या सात हजारांवर गेली. मच्छरदाणीत झोपवलेले रुग्ण, गल्लीबोळांत फवारणी करणारी पथके, तळ्यांत सोडले जाणारे अळ्या खाणारे मासे, अशी चित्रे भराभर मोबाइलवर फिरू लागली. जालन्याहून मंठ्याकडे आणि परतूरकडे जाणाऱ्या गाड्या जिथे थांबतात त्या वाटूर फाट्यावरही अशा बातम्या चहाबरोबर चघळल्या जातात. प्रश्न ठरलेला असतो : "चीनमधून आता हे काय नवीन निघालं? आपल्याकडं येतंय का काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र विमानतळावर शोधण्याची आपल्याला सवय लागली आहे. करोनाने ती लावली. परदेशातून कोण आले, त्याला तपासले का, त्याला वेगळे ठेवले का, एवढ्यावर चर्चा संपते. चिकुनगुनियाच्या बाबतीत हे उत्तर अपुरे आहे, आणि ते का अपुरे आहे हे महाराष्ट्राने वीस वर्षांपूर्वी एकदा अनुभवले आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये राज्याचे सगळे लक्ष नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरकडे लागले होते. तिथल्या कुक्कुटपालन केंद्रांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. देशातली ती पहिलीच नोंद. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, अंगभर पांढरे पोशाख घातलेले कर्मचारी दूरचित्रवाणीवर दिसू लागले, लोकांनी चिकन खाणे सोडले. त्या साथीत माणसांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले नाही. त्याच सुमारास मालेगावात आणि राज्याच्या इतर भागांत ताप आणि सांधेदुखीचे रुग्ण वाढू लागले होते. ज्याला ताप येई त्याला खाटेवरून उठता येईना. चहाची कपबशी बोटांत धरवेना. आजाराचे नाव चिकुनगुनिया. नावात 'चिकन' ऐकू येत असल्याने कोंबडीशी त्याचा संबंध आहे असा अनेकांचा समज झाला, आणि तो काही ठिकाणी आजही टिकून आहे.

नावाचा कोंबडीशी काहीही संबंध नाही. १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात, मोझांबिकच्या सीमेजवळ, या आजाराची साथ आली. तिथल्या माकोंडे भाषेत, वेदनेने वाकून जाणे अशा अर्थाचा हा शब्द आहे. रुग्णाची चाल पाहिली की नाव कसे पडले ते वेगळे सांगावे लागत नाही.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केनियातील लामू बेटावर, २००४ मध्ये मोठी साथ आली. २००५ मध्ये ती कोमोरोस बेटांवर पोहोचली आणि मग हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच बेटावर. पावणेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या बेटावर अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले, म्हणजे तिघांतला एक. २००५ अखेरीस दक्षिण भारतात रुग्ण दिसू लागले. २००६ या एका वर्षात देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातले होते. ज्या परदेशी विषाणूची धास्ती घेतली होती त्याने इथे एकाही माणसाला गाठले नाही, आणि ज्याचे नाव कुणी ऐकले नव्हते त्याने लाखोंना अंथरुणाला खिळवले.

पण इथे एक गाठ आहे, ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चिकुनगुनिया तेव्हा महाराष्ट्रात पहिल्यांदा आला नव्हता. १९६३ मध्ये कोलकात्यात आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याच्या मोठ्या साथी येऊन गेल्या होत्या. बार्शीत तर तिघांमागे एकाहून अधिक लोकांना लागण झाली होती. त्यानंतर हा आजार जणू नाहीसाच झाला. तीस-बत्तीस वर्षे मोठी साथ आली नाही. नवे डॉक्टर तो केवळ परीक्षेपुरता वाचत.

बार्शीचा विषाणू आशियाई प्रकारातला होता. २००६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रुग्णांच्या नमुन्यांतील विषाणू तपासला, तेव्हा तो आफ्रिकी प्रकारातला निघाला. म्हणजे हा परदेशातून आलेला, हे ठरले. मात्र संस्थेच्या संग्रहातील जुने विषाणू पुन्हा तपासताना आणखी एक गोष्ट पुढे आली. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवत गावातील डासांतून २००० साली वेगळा केलेला विषाणूही आफ्रिकी प्रकारातलाच होता. साथीच्या पाच वर्षे आधी हा पाहुणा यवतपर्यंत येऊन बसला होता, आणि तेव्हा राज्यात साथ पेटली नाही.

विषाणू येणे आणि साथ पेटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली थांबवणे जवळजवळ अशक्य आहे. समृद्धी महामार्गाने जालन्याहून मुंबई काही तासांवर आली आहे, परतूरच्या स्थानकातून मुंबई आणि हैदराबाद अशा दोन्ही दिशांना रेल्वे जातात, गावोगावची मुले आखातात आणि परदेशी विद्यापीठांत आहेत. ताप येण्याआधीच्या एखाद-दोन दिवसांतही रक्तात विषाणू असू शकतो. विमानतळावरच्या तापमापकाला त्याचा पत्ता लागणार नाही. दुसरी गोष्ट, साथीचे पेटणे, ही मात्र ज्या गावात तो माणूस उतरतो त्या गावावर अवलंबून असते.

चिकुनगुनिया खोकल्याने, शिंकेने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. रुग्णाला पहिल्या आठवड्यात एडिस डास चावला तर विषाणू डासाच्या पोटात जातो. तिथून डासाच्या लाळेपर्यंत पोहोचायला त्याला, हवेच्या तापमानानुसार, दोन ते दहा दिवस लागतात. त्यानंतर तो डास जगेल तितके दिवस, ज्याला चावेल त्याला विषाणू देत राहतो. चावलेल्याला साधारण तीन ते सात दिवसांत ताप येतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. हा डास फार लांब उडत नाही. जन्मल्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या आत त्याचे बहुतेक आयुष्य संपते. तेव्हा वाटूरच्या घरात चावणारा डास वाटूरच्याच कुठल्यातरी भांड्यात जन्मलेला असतो.

तो गटारात किंवा डबक्यात जन्मत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. गटारावर धूर फवारला की लोकांना काम झाल्यासारखे वाटते. एडिस इजिप्तायला साठवलेले स्वच्छ पाणी लागते : रांजण, सिमेंटचा हौद, प्लॅस्टिकचा ड्रम, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, जनावरांच्या पाण्याचे टाके. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधी. रात्री मच्छरदाणी लावून झोपणारा माणूसही दुपारी ओसरीवर पडला असता चावा घेऊन उठतो.

आणि पाणी साठवणे ही मराठवाड्यात कुणाची हौस नाही. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवल्याशिवाय घर चालत नाही. शहरात डास पावसाळ्यातच वाढतात असे मानले जाते; टंचाईच्या गावात भर उन्हाळ्यातही घराघरांत त्यांची पैदास चालू राहू शकते. पाहणीला आलेल्या आशाताई रांजणात डोकावून म्हणतात, "मावशी, अळ्या झाल्यात, हे पाणी ओतून द्या." त्यावर मावशींचे उत्तर बिनतोड असते : "आठ दिवसांनी पाणी आलंय माय, वतून देऊ म्हणता? तुम्ही भरून देता का परत?"

या उत्तरावर केवळ 'जनजागृती हवी' असे म्हणणे हा शहाणपणा नव्हे. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा हा सल्ला बरोबरच आहे. अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एकदा भांडे कोरडे झाले की चक्र तुटते. पण ज्या घरी आठ-दहा दिवसांनी पाणी येते तिथे तो सल्ला जसाच्या तसा पोहोचत नाही. तिथे दुसरे मार्ग आहेत आणि ते स्वस्त आहेत. रांजणाच्या तोंडावर जुन्या धोतराचे किंवा साडीचे घट्ट कापड बांधायचे. नुसती ताटली झाकली तर फटीतून मादी आत जाते. पाणी आहे त्याच भांड्यातून दुसऱ्यात कापडाने गाळून घ्यायचे, अळ्या कापडावर राहतात, त्या सुक्या मातीवर टाकल्या की मरतात. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडायचे. ज्या पाण्याचा वापर कमी आहे त्यात आरोग्यसेवकाकडून अ‍ॅबेट हे अळीनाशक ठरलेल्या मापाने टाकून घ्यायचे.

भांडे रिकामे झाल्यावर आतून घासणे हे यांतले सर्वांत दुर्लक्षित काम आहे. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेघेजवळ, भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागले की फुटतात. नुसते पाणी ओतून पुन्हा भरलेला ड्रम म्हणून आठवडाभरात पुन्हा अळ्यांनी भरतो. काथ्याने किंवा ब्रशने दोन मिनिटे रगडून काढला तर अंडी जातात.

फाट्यावर पंक्चरच्या दुकानापुढे रचलेले जुने टायर याच कारणाने धोक्याचे. पावसाचे पाणी टायरच्या पोटात साचते आणि उन्हात सहजासहजी सुकत नाही. एडिसचा भाऊबंद असलेला 'आशियाई टायगर' डास गेल्या काही दशकांत आशियातून युरोप-अमेरिकेत पसरला, तो मोठ्या प्रमाणावर वापरलेल्या टायरांच्या व्यापारातून. टायरला चिकटलेली सुकी अंडी बोटीतून समुद्रापार गेली. टायर आडोशाला छपराखाली ठेवणे किंवा त्यांना भोके पाडणे एवढ्यावर काम भागते.

या टायगर डासाची हकीकत आणखी एका कारणासाठी सांगण्यासारखी आहे. रियुनियन बेटावर साथ सुरू असताना विषाणूच्या आवरणातील एका प्रथिनात एका जागी छोटासा बदल झाला. त्या बदलामुळे टायगर डासातून तो कितीतरी सहज पसरू लागला. २००७ मध्ये केरळात साथ आली तेव्हा तिथल्या विषाणूतही हाच बदल दिसला. केरळात रबराच्या झाडांना लावलेल्या वाट्यांमध्ये पावसाचे पाणी साचते आणि तिथे टायगर डास मुबलक. मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात मात्र मुख्य वाहक घरातला एडिस इजिप्तायच. परदेशातल्या साथीची बातमी वाचताना रुग्णसंख्येइतकेच हेही पाहायला हवे की तिथे कोणता डास ती पसरवतो आहे आणि तो आपल्याकडे कुठे आहे. कोकणातल्या बागायतीला लागू पडणारे उत्तर परतूर तालुक्याला लागू पडेलच असे नाही.

त्याच वर्षी गंमत अशी झाली की आपण दुसऱ्यांसाठी 'परदेश' झालो. केरळातून इटलीत गेलेला एक प्रवासी तिथे तापाने आजारी पडला आणि रावेन्ना परिसरातील दोन छोट्या खेड्यांत सुमारे दोनशे लोकांना चिकुनगुनिया झाला. युरोपातल्या समशीतोष्ण हवेत ही साथ पहिलीच. एक प्रवासी पुरला, कारण टायगर डास तिथे आधीच बस्तान बसवून होता.

आता हे होणार असेल तर होऊ दे, ताप तर आहे, चार दिवसांत जाईल, असे म्हणणारेही भेटतात. ताप जातोही. सांधे राहतात. मनगट, बोटे, घोटे, गुडघे सुजतात आणि साधारण तीनांतल्या एका रुग्णाला काही महिने, कधी त्याहून अधिक काळ दुखणे सोडत नाही. नोकरदार माणूस रजा टाकतो. पण जालना जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार करा. पावसाळा सरता सरता हे रुग्ण वाढतात, आणि त्याच सुमारास कापसाची वेचणी सुरू होते, दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. दोघांतल्या एकाचे मनगट धरले की कोयता अर्धा होतो, उचल मात्र पूर्ण फेडायची असते. सरकारी आकडेवारीत अशा माणसाची नोंद 'बरा झालेला रुग्ण' अशी होते.

आणि हा आजार कधीच जिवावर बेतत नाही, हा समजही तपासून घ्यावा लागतो. २००६ मध्ये अधिकृत नोंदींत चिकुनगुनियाने मृत्यू दाखवले गेले नाहीत. अहमदाबादमध्ये संशोधकांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्या, तेव्हा साथीच्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत अपेक्षेपेक्षा २,९४४ मृत्यू जास्त झालेले आढळले. हे सगळे याच आजाराचे होते असे सिद्ध करता येत नाही, पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. नवजात बाळे, वृद्ध, मधुमेह आणि हृदयविकार असलेले रुग्ण यांना धोका अधिक असतो. प्रसूतीच्या वेळी आईला ताप असेल तर बाळाला लागण होऊ शकते, हे रियुनियनच्या साथीतच स्पष्ट झाले.

उपचारांचे म्हणाल तर या विषाणूवर नेमके औषध नाही, आणि लस आपल्याकडे सर्रास उपलब्ध नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि तापासाठी पॅरासिटामॉल यावर पहिला आठवडा काढायचा असतो. सांधे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी घेणे घातक ठरू शकते, कारण डेंग्यूही याच डासाने होतो, सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, आणि डेंग्यूत अशा गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. 'एका सुईत मोकळे' करणारी स्टेरॉइडची इंजेक्शने तर पहिल्या आठवड्यात टाळायलाच हवीत. दोन दिवस बरे वाटते म्हणून त्या दवाखान्यापुढे रांग लागते, हे दुर्दैव.

२०१७-१८ मध्ये ५ ते ४५ वयोगटातील लोकांची देशव्यापी रक्ततपासणी झाली. त्यात सुमारे १८ टक्के लोकांच्या रक्तात चिकुनगुनिया होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. एकदा झाला की बहुधा आयुष्यभर संरक्षण मिळते. उरलेले ऐंशी-बयाऐंशी टक्के मात्र या विषाणूला अनोळखी. २००६ च्या साथीनंतर जन्मलेली पिढी आता कामाला लागली आहे आणि तिच्यातल्या बहुतेकांनी हा आजार पाहिलेलाही नाही.

सगळ्याच परदेशी साथींना असा प्रतिसाद मिळेल असे नाही. इबोला रुग्णाच्या रक्ताच्या आणि स्रावांच्या थेट संपर्काने पसरतो. २०१४-१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत त्याने हाहाकार केला, भारतात साथ आली नाही. तिथे प्रवाशांवरची देखरेख उपयोगी पडते. पीतज्वर म्हणजे यलो फीव्हर भारतात नाही. पण तो पसरवणारा डास हाच, आपल्या रांजणातला. म्हणून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील बाधित देशांतून येणाऱ्यांकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर त्यांना सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते. हा नियम अनेकांना जाचक वाटतो. ज्याने उन्हाळ्यात गावातले ड्रम पाहिले आहेत त्याला वाटणार नाही.

झिकाचेही तसेच. जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले. काही नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले. त्यांत चिकुनगुनिया निघाला, थोडा डेंग्यू निघाला आणि एका महिलेच्या नमुन्यात झिका. महाराष्ट्रातला तो पहिला झिकाचा रुग्ण. कुठल्याही विमानतळावर तो सापडला नाही. 'गावात ताप जरा जास्तच दिसतोय' असे म्हणून कुणीतरी रक्ताचे नमुने पुढे पाठवले, म्हणून सापडला.

वाटूरसारख्या गावात याचा अर्थ अगदी साधा आहे. एका गल्लीत आठवड्याभरात तीन-चार जणांना ताप आणि सांधेदुखी झाली तर आशाताईंना किंवा आरोग्यसेवकाला कळवायचे. ताप येऊन पाच-सहा दिवस झाल्यावर रक्तातली प्रतिपिंडे तपासता येतात, त्याआधी विषाणूची थेट तपासणी लागते. म्हणून ताप कोणत्या दिवशी आला हे सांगता आले पाहिजे. सरकारी यंत्रणेमार्फत नमुना गेला तर तपासणी मोफत होते. परदेशातून किंवा साथ असलेल्या शहरातून आलेल्या माणसाला दोन आठवड्यांच्या आत ताप आला, तर त्याने प्रवासाची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगायची, कारण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती विचारली जाईलच असे नाही. रुग्णाने पहिला आठवडा दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपायचे. फोशानच्या चित्रांतले रुग्ण मच्छरदाणीत होते ते डास त्यांना चावून विषाणू पुढे नेऊ नयेत म्हणून. वाटूरमध्ये त्यासाठी वेगळा वॉर्ड लागत नाही. घरातली रोजची मच्छरदाणी, दुपारी काढून न ठेवलेली, पुरते.